पुंजारामचा सातचा मॉनिटर

कुसळवाडी नावाच्या गावात एक भोळा कॅमेरावाला होता. त्याचं नाव पुंजाराम. गाव त्याला पुंजा म्हणायचं. त्याची बायको मथुरा नवऱ्याचं नाव घेऊन कधी काही म्हणत नसे, पण नाव न घेता बरंच काही म्हणायची.

पुंजाला कॅमेरा मिळाला तो आतेभावाकडून. आतेभाऊ लग्नांचं शूटिंग करायचा. त्याला पुण्याला नोकरी लागली. जाताना त्याने आपला व्हिडिओ कॅमेरा पुंजाच्या हातात दिला आणि म्हणाला, "पुंजा, याला पोटच्या लेकरासारखा सांभाळ."

पुंजाने सांभाळला. माळ्यावरचा पाळणा खाली काढला, त्यात दुपटं अंथरलं आणि कॅमेरा निजवला. दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावली. तीट लेकराच्या कपाळावर लावतात. कॅमेऱ्याचं कपाळ कुठे असतं, याचा पुंजाने अर्धा दिवस विचार केला आणि शेवटी काचेच्या मधोमध लावली.

पहिली तीन लग्नं तिटेसकट निघाली. प्रत्येक नवरदेवाच्या तोंडावर काळा गोळा. लोक म्हणाले, नवीन आहे, शिकेल.

शिकला. तीट पुसली. आणि मग सगळ्यांना कळलं की तीटच बरी होती. पुंजाला फोकस जमत नव्हता. नवरानवरी दाट धुक्यात उभी असायची आणि मागच्या कापडावरचा मंडपवाल्याचा फोन नंबर मात्र ठळक यायचा. मंडपवाल्याचा धंदा त्या वर्षी दुप्पट झाला. पुंजाचं कौतुक केलं ते फक्त सरपंचांच्या आईने. फिल्ममध्ये तिच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या होत्या.

खरं सांगायचं तर पुंजाचा फार दोष नव्हता. कॅमेऱ्यात बघायची जागा काडेपेटीएवढी. तेवढ्यात नवरा कोणता आणि भटजी कोणते हेच कळायचं नाही, मग नाक-डोळे स्पष्ट आहेत की नाहीत हे कुठून कळणार? लोकांनी सांभाळून घेतलं असतं. लोक सांभाळून घेतातच. पण मधेच वैजूचं लग्न ठरलं.

वैजू म्हणजे मथुराची धाकटी बहीण. मथुराचं माहेर गावातच, दोन गल्ल्या सोडून. तिथे तिचे वडील आबा आणि वैजू दोघंच राहायची. लग्न नवऱ्या मुलाच्या दारात, निंबखेड्याला व्हायचं होतं. तारीख निघाली, पत्रिका वाटल्या आणि आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने खाटेवरून हलायचं नाही.

सगळे म्हणाले, तारीख पुढे ढकलू. आबा म्हणाले, "माझ्या मांडीपायी पोरीचा मुहूर्त मोडायचा नाही. मी इथे पडून टीव्हीवर बघेन सगळं. आपले जावईबापू आहेत ना कॅमेरावाले!"

अख्ख्या गावात पुंजाला 'जावईबापू' म्हणणारा हा एकच माणूस. पुंजाचे कान तांबडे झाले.  त्याने ठरवलं, काहीही झालं तरी आबांना लग्न स्वच्छ दाखवायचं.

घरी येताना मथुरा म्हणाली, "डॉक्टरांना परत एकदा विचारते. मार मांडीलाच लागलाय ना, डोक्याला नाही ना, म्हणून."

"विचार," पुंजा म्हणाला. "खात्री केलेली बरी."

लग्नाला महिना होता. पुंजा तालुक्याला गेला. तिथे मुजावरभाईंचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी कॅमेरे उघडले आणि मिटले होते. त्यांनी पुंजाचं दोन मिनिटांचं शूटिंग बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं. मग समजलं की दोष चष्म्यात नाही.

"पुंजाराव, एवढ्याशा जागेत फोकस कुणालाच कळणार नाही. तुम्ही एक मॉनिटर घ्या."

"मॉनिटर?"

"हो. बाहेरून जोडायचा. भारीतला नको, लग्नाच्या कामाला साधा चालतो. पण पाचचा घेऊ नका, लहान पडतो. सातचा घ्या. वजनाला हलका बघा. उन्हात चालतो का विचारा. आणि एका दमात किती तास चालतो ते आधी विचारा. ऐन मंगलाष्टकांत मान टाकली तर पंचाईत."

"तुमच्याकडे आहे?"

"आत्ता नाही. बाहेर चौकशी करा."

पुंजा बाहेर पडला. वाटभर घोकत आला. मॉनिटर. बाहेरचा. साधा. पाचचा नको, सातचा. मॉनिटर कुठे मिळतो हे त्याला चांगलं माहीत होतं. तो स्वतः सातवीपर्यंत शिकला होता, आणि मॉनिटरने फळ्यावर त्याचं नाव लिहिलं नाही असा एक दिवस गेला नव्हता.

गावच्या शाळेत तो गेला नाही. कारण बाहेरचा हवा होता. तो शेजारच्या मोरदऱ्याच्या शाळेत गेला.

"मॉनिटर पाहिजे होता," तो हेडमास्तरांना म्हणाला.

"कितवीचा?"

"पाचचा नको. सातचा."

"सातवीची मॉनिटर आमची कावेरी. काय काम होतं?"

"रविवारी आमच्या गावात बारसं आहे. तिथे कॅमेऱ्याशेजारी लागेल. वजनाला कसा आहे?"

हेडमास्तरांनी पुंजाकडे निरखून बघितलं. "अंगाने बारीकच आहे."

"उन्हात चालतो?"

"रोज दोन किलोमीटर चालत येते."

"एका दमात किती तास?"

"साडेदहा ते पाच. मधे डबा खाते."

"भारीतला नाही ना? साधाच पाहिजे."

"साध्या घरची पोर आहे हो," हेडमास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, बारशाला लेकरांचा गोंधळ आवरायला कुणीतरी हवं असेल. शिवाय बारसं कावेरीच्या मावशीच्याच घरी निघालं. कावेरी तशीही जाणारच होती. मॉनिटर चार पेढ्यांत पडला. पुंजाला वाटलं, यापेक्षा स्वस्त कुणालाच मिळाला नसेल. त्यात तो बरोबर होता.

रविवारी बारसं झालं. कॅमेऱ्याशेजारी कावेरी हातात वही घेऊन उभी. आत्याबाईंनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि 'कुर्र' केलं.

"कोण बोलतंय?" कावेरी ओरडली. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सातवीची मॉनिटर ती. चाळीस बायकांनी हाताची घडी घातली. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, नाव सांगायचंय बाळाचं." कावेरीने आत्याबाईंचं नाव वहीत लिहिलं. आत्याबाई परत बोलल्या. कावेरीने नावापुढे फुली मारली. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही. पाऊण तासाच्या फिल्ममध्ये चाळीस बायका तोंडावर बोट ठेवून बसल्या आहेत, त्याही धुक्यात. त्या बाळाचं नाव नक्की काय ठेवलं, यावर त्या घरात अजून दोन मतं आहेत.

"वा," मथुरा म्हणाली. "आता लाइट धरायला हेडमास्तरांनाच आणा."

"ते भारीतले पडतील," पुंजा म्हणाला.

तो परत मुजावरभाईंकडे गेला. मुजावरभाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मॉनिटर म्हणजे माणूस नव्हे! पडदा असतो, पडदा! कॅमेऱ्याला अडकवायचा!"

"मग आधी तसं सांगायचं ना!" पुंजा म्हणाला.

"सात इंची घ्या. रंग खरे पाहिजेत. उन्हात फिके दिसले तर उपयोग नाही."

पुंजा थेट कापडाच्या दुकानात गेला.

"पडदा दाखवा."

"खिडकीला की दाराला?"

"कॅमेऱ्याला."

दुकानदाराने बत्तीस वर्षं धंदा केला होता. तो गिऱ्हाइकाला जास्तीचे प्रश्न विचारत नसे. "केवढा पाहिजे?"

"सात इंच."

"सात इंचाला कापड फाडत नाही आम्ही. हा सात फुटी तुकडा उरलाय, स्वस्तात देतो."

पुंजा खूश झाला. सातचा तर होताच, वर मोठा होता. "उन्हात फिका पडणार नाही ना?"

"धुऊन धुऊन तुम्ही फिके पडाल, हा पडणार नाही."

त्या आठवड्यात दूध संकलन केंद्राचं उद्घाटन होतं. चेअरमनसाहेबांनी फीत कापली, नारळ फोडला, पाऊण तास भाषण केलं. पुंजाने कॅमेऱ्याला पडदा अडकवला. सात फूट म्हटल्यावर कॅमेऱ्यावरून पुढे आला आणि पार जमिनीला टेकला. लाल कापड, वर पिवळी सूर्यफुलं. फिल्ममध्ये पाऊण तास तेवढंच आलं. पण काय आलं! पाकळी न् पाकळी स्पष्ट. पुंजाच्या आयुष्यातला तो पहिला फोकस.

"माझं भाषण कुठंय?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"पडद्याआड," पुंजाने खरं ते सांगितलं.

मथुरा म्हणाली, "सिनेमात पडद्यावर माणसं दिसतात. आमच्याकडे माणसांवर पडदा दिसतो. चला, काहीतरी वेगळं केलंत."

"होय," पुंजा म्हणाला. बायकोने पहिल्यांदाच कौतुक केलं असं त्याला वाटलं.

मुजावरभाईंनी या खेपेला कपाळावर हात मारला नाही. काउंटरवर मारला.

"कापड नव्हे हो! काच! सपाट काच असते. तिच्यात समोरचा माणूस दिसतो. हुबेहूब. जसा आहे तसा!"

"मग आधी तसं सांगायचं ना!"

"जुना मिळाला तरी घ्या, स्वस्त पडेल. फक्त तडा गेलेला नको."

गावातल्या दगडूने आपल्या सलूनमध्ये नुकतेच नवे आरसे बसवले होते. जुना दारामागे पडला होता. पुंजाने तो उचलून उजेडात धरला.

"चालू आहे?"

"बघा की," दगडू म्हणाला.

पुंजाने बघितलं. आत पुंजा होता. हुबेहूब. जसा आहे तसा. तडा नाही. दगडूने फुकटच देऊन टाकला, वर म्हणाला, दारामागची अडगळ गेली.

शाळेचे भोसले गुरुजी त्या शनिवारी निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात पुंजाने कॅमेऱ्याच्या डोक्यावर आरसा बांधला. तोंड व्यासपीठाकडे केलं. समोरची माणसं दिसायची तर आरसा समोरच्या माणसांकडेच केला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

पहिले बोलायला उठले ते सरपंच. "गुरुजींच्या जाण्याने या गावात," ते म्हणाले आणि थांबले. समोर आरसा. टोपी वाकडी झाली होती. ती सरळ केली. मग मिशीचा एक केस वर गेला होता, तो खाली आणला. तो परत वर गेला. लोकांना वाटलं, सरपंचांना गहिवरून आलं. नंतर चेअरमनसाहेब उठले. मागच्या खेपेला त्यांचा चेहरा दिसला नव्हता, म्हणून त्यांनी या खेपेला कंगवाच आणला होता. दोन मास्तरीणबाईंनी केसातले गजरे सारखे केले. ग्रामसेवकांच्या दातात बडीशेप अडकली होती, ती त्यांनी नऊ मिनिटांत काढली. शेवटी खुद्द गुरुजी उठले. चौतीस वर्षांच्या नोकरीवर बोलायचं होतं. आरशात बघून म्हणाले, "फारच म्हातारा झालो की मी," आणि खाली बसले.

पुंजा त्या वेळी कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याच्या बाजूने आरशाची फक्त लाकडी पाठ दिसत होती. पाठ स्पष्ट दिसत होती, म्हणून त्याने फोकसला हात लावला नाही.

लग्न चार दिवसांवर आलं.

"आता मीच येते तुमच्याबरोबर," मथुरा म्हणाली. "नाहीतर पुढच्या खेपेला तुम्ही घराची खिडकी उपटून न्याल."

"खिडकी चालते?" पुंजाने विचारलं.

मथुराने त्याला हाताला धरून एसटीत बसवलं. सुदैवाने मुजावरभाईंच्या दुकानात आता मॉनिटर आला होता. कुठल्याशा स्टुडिओवाल्याने नवा घेतला, म्हणून जुना विकायला ठेवला होता. सात इंची. साधा. मथुराने तो मडकं घेताना वाजवून बघतात तसा सगळीकडून बघितला, थोडा भाव पाडला आणि पिशवीत घातला. पुंजाला राहवलं नाही. त्याने हळूच विचारलं, "यात सातचं काय आहे?"

मुजावरभाईंनी त्याला समोर बसवलं आणि लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं शिकवलं.

"नीट ऐका पुंजाराव. स्टँड सपाट जागेवर ठेवायचा. डुगडुगला नाही पाहिजे. ऊन आपल्या पाठीशी ठेवायचं, नाहीतर समोर नीट दिसणार नाही. एकदा लावला की कॅमेरा हलवायचा नाही. मॉनिटरवरून नजर काढायची नाही. आणि हे बघा, ही काचेभोवतीची कडी फिरवत राहायची. फोकस बरोबर बसला की मॉनिटरवर वस्तूच्या कडा लाल होतात. लाल दिसल्या की बटण दाबायचं. लाल नाही, तर बटण नाही. म्हणा."

पुंजाने म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. मुजावरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मथुरालाही हायसं वाटलं. इतकं, की तिने लग्नाला निघणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना बजावून ठेवलं: "मोबाइल खिशात ठेवा. सारखे मधे मधे कडमडू नका. आमचे हे काढणार आहेत. मोठा मॉनिटर आणलाय."

निघण्याआधी पुंजा आबांच्या पाया पडला. आबांनी त्याचा हात धरला. "जावईबापू, सगळं नीट दिसू दे. माझी पोर चालली. मला उठता येत नाही."

"नीटच दिसेल, आबा," पुंजा म्हणाला.  त्याने वाटेत पाच वेळा सगळी वाक्यं परत म्हटली.

निंबखेड्याला पोचल्यावर मथुरा वैजूला साडी नेसवायला आत गेली. पुंजा सपाट जागा शोधायला लागला. व्याह्यांच्या दारातली जमीन नुकतीच मुरूम टाकून सारखी केली होती. म्हणजे वरखाली केली होती. मांडवात स्टँड ठेवला तर डुगडुगला. तुळशीपाशी ठेवला तर कलला. शेवटी त्याला एकच सपाट जागा सापडली. गोठ्यापुढचा सिमेंटचा कोबा. तिथे स्टँड खडकासारखा उभा राहिला.

मग त्याने ऊन पाठीशी घेतलं. ऊन पाठीशी घेतल्यावर तोंड गोठ्याकडे झालं.

मग त्याने मॉनिटरमध्ये बघितलं. कडी फिरवली. थोडी इकडे, थोडी तिकडे. आणि काय सांगावं! दोन शिंगांच्या कडा लालबुंद झाल्या. मग कानांच्या. मग नाकाच्या. असा फोकस मुजावरभाईंनाही कधी बसला नसेल. पुंजाने बटण दाबलं.

समोर म्हैस आहे हे पुंजाला दिसलं. तो काही आंधळा नव्हता. पण काय दिसलं पाहिजे हे मुजावरभाईंनी सांगितलंच नव्हतं. कसं दिसलं पाहिजे, तेवढंच सांगितलं होतं. आणि कॅमेरा हलवायचा नाही, हे तर बजावून सांगितलं होतं.

मांडवातून मथुराचा चुलतभाऊ धावत आला. "दाजी, इकडे! मंगलाष्टका सुरू झाल्या!"

"आवाज येतोय," पुंजा म्हणाला. नजर काढली नाही.

"अहो, पण तुमची पाठ आहे मांडवाकडे!"

"ऊन पाठीशी ठेवायचं असतं," पुंजा समजुतीने म्हणाला. "तुला यातलं कळायचं नाही."

चुलतभावाला खरंच यातलं कळत नव्हतं. त्याला वाटलं, मोठा मॉनिटर आहे, त्यात मागचंही येत असेल. तो गेला.

पुंजा दोन तास हलला नाही. पंगत उठली, तो जेवला नाही. डास चावले, त्याने मारले नाहीत. मानेला रग लागली. आबांसाठी त्याने सगळं सोसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आबांच्या खोलीत माणसं जमली. शेजारीपाजारी आले. आबांना तीन उशा लावून बसवलं. त्यांनी नवी टोपी घातली होती. पुंजाने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.

टीव्हीभर म्हैस उभी राहिली.

काय स्पष्ट होती! पापण्यांचे केस मोजावेत. नाकावर दवासारखे थेंब. डाव्या शिंगाला जरासा चरा गेलेला, तोसुद्धा दिसत होता. तिने रवंथ केला. मागून भटजींचा आवाज आला, "शुभमंगल सावधान!" म्हशीने कान हलवला.

 सगळ्यांना वाटलं, आता जाईल, आता नवरी येईल. दुसरं मंगलाष्टक झालं. म्हशीने दुसरा कान हलवला. ताशा वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हैस खाली बसली.

"अहो," मथुरा अगदी हळू आवाजात म्हणाली, "नवरी कुठंय?"

"मागे," पुंजा म्हणाला.

मथुराने टोमणा मारायला तोंड उघडलं. मग ते तसंच मिटलं. पदर तोंडाला लावून ती उठली आणि परसात गेली. हसायला गेली की रडायला, ते कुणाला कळलं नाही. तिच्यामागोमाग एकेक शेजारीही सटकला. खोलीत आबा, पुंजा आणि म्हैस उरली.

आबा बघत राहिले. दुसरं करणार काय? हलता येत नव्हतं. बघता बघता ते ऐकायला लागले. सप्तपदी झाली. उखाणे झाले. वैजूने घेतलेला उखाणा आबांना शब्द न् शब्द ऐकू आला. मग माहेरच्या माणसांची परत निघायची वेळ झाली. बायका हुंदके देत होत्या, आणि त्यातून वैजूचा आवाज आला, "आबांना सांगा, गोळ्या वेळेवर घ्या म्हणावं. आणि मी पोटभर जेवले म्हणून सांगा." म्हैस टीव्हीतून एकटक बघत होती. मोठे, काळे, ओले डोळे.

आबांनी टोपी काढून डोळे पुसले.

पुंजाने ते बघितलं. त्याला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. आबा रडले. म्हणजे फिल्म चांगली झाली.

"जावईबापू," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. ते रागावले नव्हते. जावयावर रागवायची त्या घरात रीत नव्हती, आणि पुंजावर रागावून उपयोगही नव्हता. "फिल्म राहू द्या आता. तुम्ही एवढं करा. आत्ताच निंबखेड्याला जा आणि तिला घेऊन या. एकदा डोळे भरून बघू द्या मला. मग माझी काही तक्रार नाही."

"तिला?"

"तिलाच. तिच्याशिवाय कोण आहे मला?"

पुंजाने टीव्हीकडे बघितलं. आबांकडे बघितलं.  एवढी माया! आणि त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, त्यालाच सांगितलं. या खेपेला चुकायचं नाही, त्याने मनाशी ठरवलं. तो तसाच निघाला.

आबांनी मथुराला हाक मारून सांगितलं, "जावईबापू तिला आणायला गेलेत." मथुराने डोळे पुसले. म्हणाली, "गेले का? चला, एवढं तरी शहाणपण सुचलं." तिने पुरण शिजत टाकलं. दारात रांगोळी काढली. शेजारणींना बोलावलं.

निंबखेड्याला वैजू ओसरीवरच उभी होती. माहेरचं कुणीतरी न्यायला येणार, म्हणून सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी भरून ठेवली होती. पुंजाला बघून ती हसली. "दाजी! आबांनी पाठवलं ना?"

"हो गं," पुंजा म्हणाला आणि तिला ओलांडून गोठ्याकडे गेला.

वैजूचे सासरे तात्या बाहेर आले. पुंजाने त्यांना हात जोडले. "आबांना हिला डोळे भरून बघायचंय. आज सकाळी फिल्म बघितल्यापासून त्यांचा जीव हिच्यात अडकलाय."

तात्यांना काही उमगलं नाही. पण नवीन सोयरीक. व्याही खाटेवर पडलेला. हाड जुळायला म्हशीचं दूध चांगलं असतं, तेच हवं असेल, पण मागायला लाजत असतील, असं त्यांनी धरलं. नाही कसं म्हणायचं? त्यांनी दावं सोडून पुंजाच्या हातात दिलं.

ऊन कलायला पुंजा कुसळवाडीला पोचला. आबांच्या दारात शेजारणींची दाटी झाली होती. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आतून आबा मान उंचावून बघत होते. मथुरा उंबऱ्यात उभी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या. गल्लीच्या वळणावर घुंगरं वाजली.

"आली गं, आली!" कुणीतरी ओरडलं.

वळणावरून आधी पुंजा आला. मग दावं आलं. मग शिंगं आली.

मथुराच्या हातातला भाकरीचा तुकडा खाली पडला. म्हशीने तो खाल्ला, पाय न धुताच उंबरा ओलांडला आणि ती आबांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. आबांनी तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. दारात आता कुणीच येत नव्हतं.

"जावईबापू," आबांनी विचारलं, "वैजू कुठंय?"

"तीपण निघाली होती की पिशवी घेऊन," पुंजा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "पार वेशीपर्यंत मागे मागे आली, रडायलाच लागली. पण मी काही ऐकलं नाही. परत पाठवली. म्हटलं, आबांनी एकीलाच आणायला सांगितलंय."